टेपखोलीतला मार्च

३ मार्च, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि "बसा, मॅडम" म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. एरवी हा माणूस कुणालाही उभ्याउभ्याच वाटेला लावतो.

भानगड नेहमीचीच आहे. दवाखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांमधली माहिती रोज रात्री टेपवर उतरते. आपोआप सुरू होतं आणि सकाळी ओपीडी उघडायच्या आत संपायला हवं. हल्ली ते संपत नाही. दहा-साडेदहापर्यंत रडतखडत चालू असतं, तोवर सर्व्हर दमलेले असतात, आणि एक्स-रेच्या डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर एक फोटो उघडायला इतका वेळ लागतो की तोवर पेशंटचं हाड आपोआप जुळून येईल, असं त्या म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणतात, चारचौघांत.

तर साहेबांचं फर्मान असं: महिनाअखेरपर्यंत टेप सातच्या आत संपली पाहिजे. नाहीतर टेपखोली इथून उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या इमारतीत न्यायची. तिथे नवी यंत्रं, नवी माणसं, आणि त्यांच्यावर देखरेख करायला मी. "तुमच्यासाठी बदल चांगलाच आहे," असंही वर म्हणाले.

मला त्या इमारतीचं काही वावडं नाही. पण बाबांचं काय करू? पक्षाघातानंतरचा त्यांचा उच्चाराचा वर्ग इथेच आहे, टेपखोलीच्या बरोबर दोन मजले वर. सकाळी मी त्यांना गाडीत घालून आणते, वर्ग झाला की ते खालच्या बाकावर बसतात, संध्याकाळी बरोबर घरी. माझी बदली झाली की वर्ग बंद. आणि वर्ग बंद झाला की त्यांचं बोलणं होतं तिथेच राहणार. ज्या माणसाने उभा जन्म कोर्टाच्या दारात पुकारा केला, ज्याच्या एका हाकेला रस्त्यापलीकडचा पक्षकार हातातला चहा टाकून पळत यायचा, तो आता "पाणी" म्हणायला अर्धा मिनिट घेतो. हे बघवत नाही माझ्याने.

टेप सातच्या आत संपवणारच.

४ मार्च, मंगळवार

काल निघताना टेपचं यंत्र साफ केलं. साफसफाईची खास टेप मिळते, ती फिरवली. सकाळी येऊन बघते तर यंत्र आपलं घर्र-टक, घर्र-टक. संपलं दहा वाजून वीस मिनिटांनी. काल सव्वादहाला संपलं होतं. म्हणजे साफ केल्यावर आणखी पाच मिनिटं खाल्ली.

६ मार्च, गुरुवार

कंपनीचा इंजिनिअर आला. त्याला आम्ही 'बघूया' म्हणतो, कारण काहीही विचारा, तो आधी "बघू या" म्हणतो आणि मग पंधरा मिनिटं नुसता बघतो. आजही खोलीत येऊन यंत्राला कान लावून उभा राहिला. मला वाटलं, आता नाडी बघेल.

शेवटी बोलला. "मॅडम, यंत्रात काही दोष नाही. तुम्ही त्याला धावू देत नाही आहात."

म्हटलं, "मी काय केलं त्याला?"

मग त्याने समजावलं. टेप जोरात पळते. तिला तेवढ्याच जोरात माहिती मिळत राहायला हवी. आमची माहिती येते तुकड्यातुकड्याने. तुकडा संपला की टेप थांबते, पण लगेच थांबता येत नाही, थोडी पुढे जाते. मग मागे यायचं, जिथे सोडलं ती जागा शोधायची, पुन्हा वेग घ्यायचा. तोवर दुसरा तुकडा संपला. घर्र-टक म्हणजे तेच. रात्रभर ती बिचारी लिहिते कमी आणि मागे-पुढेच जास्त करते.

"एकदा सुरू झाली की मध्ये तोडायचं नाही," म्हणाला. "बाकी सेटिंगचं बघू या."

एवढं एक वाक्य सांगायला कंपनी महिनाभर माणूस पाठवत नव्हती.

घरी आले तर बाबांचं चालू झालं. "मला... उद्या..."

"उद्या वर्ग आहे ना बाबा, सुट्टी नाही."

मान हलवली. "मला..."

"भूक लागली? वाढतेच आहे."

पुन्हा "मला". दर वेळी पहिल्या शब्दापासून! नुसता उरलेला भाग बोलले असते तर एव्हाना संपलंही असतं. मी ताट वाढलं. जेवले, पण माझ्याकडे असे बघत होते जणू मीच काहीतरी चोरलंय.

१० मार्च, सोमवार

दोष सापडला. एक्स-रे विभागाच्या लाखो बारीकबारीक फायली. एकेक उघडा, वाचा, बंद करा, आणि तोवर टेप ताटकळत उभी. आता एक रिकामी डिस्क लावली आहे. दिवसभर फायली तिच्यावर गोळा होतील, त्यांचे मोठे गठ्ठे बांधले जातील आणि रात्री टेपला सलग मिळतील. डिस्क मागायला भांडारात गेले तर तिथले म्हणाले, "अर्ज करा, पुढच्या महिन्यात बघू." सगळ्या दवाखान्याला बघण्याचाच रोग आहे. शेवटी माझ्याच टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरची काढून लावली.

दादाचा फोन आला होता. समुद्रापलीकडे बसून सल्ले द्यायला काय जातं? म्हणे, "बाबांशी बोलत जा गं जरा." म्हटलं, बोलतेच की! सकाळपासून रात्रीपर्यंत मीच तर बोलत असते.

१३ मार्च, गुरुवार

पावणेनऊ! दीड तासाने खाली आलं. टेपवर एका वेळी केवढा गठ्ठा लिहायचा ते सेटिंगही चौपट केलं. डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या, शिव्या दिल्या नाहीत. त्यांच्या बाजूने हे कौतुकच समजायचं.

दुपारी दोन मजले वर गेले. बाबांच्या उच्चारबाई म्हणजे जेमतेम पंचविशीतली मुलगी, पण आव सत्तरीचा. दाराबाहेरून ऐकलं तर आत काय चाललंय? "एक तिकीट द्या. म्हणा बाबा, एक तिकीट द्या." आणि बाबा म्हणतायत, "एक... ति... कीट..."

मी म्हटलं, "यांना तिकीट काय करायचंय? कुठे निघालेत हे? औषध, पाणी, दुखतंय, असं कामाचं शिकवा ना."

ती म्हणाली, "हे त्यांनीच निवडलंय, ताई. आणि इथे ते पुष्कळ बोलतात. काल तर त्यांनी मला कोर्टातली एक गंमत सांगितली, पूर्ण."

मला काही खरं वाटलं नाही. या लोकांना प्रगती दाखवावीच लागते, नाहीतर वर्ग कसा चालणार? माझ्यासमोर कधी त्यांनी तीन शब्द सलग जोडलेले नाहीत.

जाताना पुन्हा उपदेश. "ते गप्प झाले म्हणजे संपलं असं समजू नका. शब्द शोधत असतात. जरा थांबायचं." हो बाई, थांबते. सकाळी सातच्या आत टेप संपवायची, साडेसातला घर सोडायचं, त्यात मी थांबते हं.

१७ मार्च, सोमवार

रविवारी खोलीत येऊन बसले आणि रामबाण उपाय केला. आतापर्यंत चार सर्व्हरांची माहिती एकामागून एक टेपवर जात होती. एक सर्व्हर रेंगाळला की टेपही रेंगाळली. आता चारही एकाच वेळी सोडले. याचा थोडा, त्याचा थोडा, जो तयार असेल त्याचा घ्यायचा, चार पेडांची वेणी घालतात तसं गुंफत लिहायचं. टेपला क्षणभरही उसंत नाही. शिवाय लिहून झाल्यावर सगळं एकदा परत वाचून ताडून बघायचं एक सेटिंग असतं, ते बंद केलं. त्यात भरपूर वेळ जात होता, आणि इतक्या वर्षांत एकदाही चूक निघालेली नाही.

आज सकाळी टेप संपली पाच वाजून दहा मिनिटांनी.

पाच! मी दोनदा डोळे चोळून बघितलं. आणि आवाज तर काय सांगू, घर्र-टक नाही, एकसारखा सूं. मी खोलीत एकटीच हसत होते.

१९ मार्च, बुधवार

साहेबांनी सगळ्यांना बोलावून आलेख दाखवला. रेघ वरून धाडकन खाली. "शिका जरा मॅडमकडून." टेपखोली राहणार असं तोंडीच सांगितलं. 'बघूया'ला फोन केला, म्हटलं बघितलंस का? तो म्हणाला, "छान, छान. आणि त्यातून एखादी फाइल परत काढून बघितली का, मॅडम?" मत्सर, दुसरं काय! म्हटलं, "बघू या."

बाबांना सांगितलं की माझी बदली टळली, तुमचा वर्ग चालू राहणार, मी रोज घेऊन येणार. मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "मला..." मी म्हटलं, "आभार कसले मानताय, बाबा." त्यांनी डोळे मिटून घेतले.

२१ मार्च, शुक्रवार

आज जीव घेतला बाबांनी. चार वाजता खाली आले तर बाक रिकामा. वर नाहीत, स्वच्छतागृहात नाहीत, चहाच्या टपरीवर नाहीत. अर्ध्या दवाखान्याला कामाला लावलं. शेवटी रखवालदार म्हणाला, तुमचे बाबा फाटकाबाहेर बसथांब्यावर उभे आहेत. धावत गेले. हे आपले शांतपणे बसच्या नंबरांची पाटी वाचत उभे! बूट घट्ट बांधलेले, खिशात सुटे पैसे खुळखुळतायत.

भर रस्त्यात बोलले त्यांना. हरवला असता म्हणजे? नाव तरी सांगता आलं असतं का? हे वाक्य बोलायला नको होतं. बाबा गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

२५ मार्च, मंगळवार

एक्स-रे विभागाच्या सर्व्हरची डिस्क सकाळी बसली. सगळे जुने फोटो गेले. डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी मात्र रुबाबात म्हटलं, "घाबरू नका, सगळं टेपवर आहे. तासाभरात आणते."

कुठलं तासाभरात! चार सर्व्हरांची वेणी मीच घातलेली. त्यातला एक पेड सोडवायचा तर सगळीच वेणी उलगडावी लागते. टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, त्यातलं तीन हिश्श्यांचं फेकायचं आणि एक्स-रेचं तेवढं वेचायचं. वर पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा चारावर येऊन गप्प. वीस मिनिटं चारच. मी रद्द केलं, सेटिंग बदललं, पुन्हा सुरू केलं. टेप मागे गेली, पहिल्यापासून वाचायला लागली. पुन्हा चारावर गप्प. पुन्हा रद्द. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी चारच्या पुढे सरकलेले नव्हते.

बाहेर एक बेकरीवाला आडवा पडून आहे. उद्या त्याच्या मणक्याचं ऑपरेशन. जुना स्कॅन बघितल्याशिवाय सर्जन सुरीला हात लावणार नाहीत. त्याची बायको दर थोड्या वेळाने टेपखोलीच्या दारात येऊन उभी राहते. काही बोलत नाही. बोलली असती तर मी निदान चिडले तरी असते.

तिसऱ्यांदा रद्द करणार तेवढ्यात 'बघूया'चा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, हात लावू नका. आकडा हलत नाही म्हणजे काम थांबलंय असं नाही. ती शोधतेय. तुम्ही दर वेळी तिला पहिल्यापासून सुरुवात करायला लावताय."

"आणि टेपवर नसेलच काही तर? ताडून बघणं मी बंद केलं होतं."

तो म्हणाला, "तर मग उद्या कळेल." या वेळी 'बघू या' म्हणाला नाही, त्यानेच मला जास्त धसका बसला.

सुरू करून ठेवलं आहे. हात लावणार नाही.

२६ मार्च, बुधवार

सकाळी आले तेव्हा एकतीस टक्के. चूक कुठे दिसत नव्हती, पण एकोणसत्तर टक्के बाकी होते.

खाली एक्स-रेवाल्यांची जत्रा. बाकावर बसायला जागा नाही आणि लोक एकमेकांवर ओरडतायत. बाबांचा वर्ग झाल्यावर त्यांना त्यात कुठे बसवू? टेपखोलीत घेऊन आले. तिथे थंडी असते, म्हणून माझी शाल त्यांच्या अंगावर टाकली आणि दुसरी खुर्ची ओढली. दोघं त्या पडद्यासमोर बसून राहिलो. मला दुसरं कामच नव्हतं. हात चोळायचे नि आकडा बघायचा. चोपन्न. चोपन्न. चोपन्न.

बाबांनी सुरुवात केली. "मला..."

माझं लक्षच नव्हतं. मनात सारखं एकच, आता चूक दाखवेल, आता लाल अक्षरं येतील.

"...उद्यापासून..."

पंचावन्न.

"...एकट्याला..."

मी आकड्यावरची नजर काढली नाही. काढली की तो थांबेल असं उगाच वाटत होतं.

"...बसने... यायचंय."

तेव्हा कुठे मी वळले. त्यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम, एवढ्या थंडीत. पूर्ण वाक्य. चार महिन्यांत माझ्यासमोर पहिलं. मी तोंड उघडलं. बसमधली गर्दी, उजवा हात अजून नीट धरत नाही, रस्ता ओलांडायचाय, सगळं एकदम ओठांवर आलं.

त्यांनी तळहात वर केला. कोर्टात गडबड झाली की करायचे, तसा.

"थांब," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मी थांबले. यंत्राचा सूं आवाज तेवढा येत होता. "तू... मध्ये बोललीस... की मला... पहिल्यापासून... सुरू करावं लागतं."

मी उठून त्यांना पाणी दिलं. ते प्याले, ग्लास माझ्या हातात ठेवला आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसले. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच केबल नीट करत राहिले. तीन आठवडे हा माणूस मला एवढंच सांगत होता. मी त्याला कधी ताट वाढलं, कधी औषध दिलं, एकदा तर आभार मानू नका म्हणाले.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला शंभर झाले. डॉक्टरीणबाईंनी बेकरीवाल्याचा स्कॅन उघडायला घेतला आणि तो उघडला. त्याची बायको दारात होती. तिने पुढे येऊन माझा हात धरला फक्त.

२८ मार्च, शुक्रवार

बेकरीवाल्याचं ऑपरेशन एक दिवस उशिरा, पण काल झालं. पायाची बोटं हलवतोय.

टेपचं सेटिंग मी बदललं. वेणी मोडली. गठ्ठे राहू दिले, उलट आता चारही सर्व्हरांचे बांधले, पण सर्व्हर पुन्हा एकामागून एक, आणि लिहून झाल्यावर सगळं परत वाचून ताडायचं. शिवाय आठवड्यातून एकदा टेपवरून काहीतरी परत काढून बघायचंच. आज सकाळी संपलं सात वाजून पस्तीस मिनिटांनी. आणखी कुठेही काटकसर करता येत नाही, पुन्हापुन्हा बघितलं.

साहेबांना खरं ते सांगितलं. पाच वाजता संपणारी टेप हवी असेल तर परत काढायला दोन दिवस लागतील, आणि निघेलच याची खात्री नाही.

"पण आलेख तर छान होता," साहेब म्हणाले.

कपाळावर हात मारून घ्यायचा बाकी ठेवला.

३१ मार्च, सोमवार

निकाल लागला. "सातच्या आत म्हणजे सातच्या आत, मॅडम. पस्तीस मिनिटं म्हणजे पस्तीस मिनिटं." पुढच्या सोमवारपासून नवी इमारत. वर "तुमचं ते ताडून बघायचं तिथेही चालू करा हं, डॉक्टरीणबाईंचा आग्रह आहे," असंही म्हणाले. म्हणजे माझं बरोबर होतं हे मान्य, आणि शिक्षा तरीही मला. महिनाभर नाकी नऊ आले ते कशासाठी?

घरी सांगितलं. "बाबा, माझी बदली झाली." एवढं बोलून गप्प बसले. फार अवघड जातं. जीभ नुसती वळवळत होती.

भात निवेपर्यंत वाट बघितली.

"बरं... झालं," बाबा म्हणाले.

२ एप्रिल, बुधवार

सोमवारच्या आत एकदा बसने जाऊन बघायचं ठरलं. मी बरोबर येणार, फक्त आजचा दिवस, असं म्हटलं. त्यांनी अट घातली. एका शब्दाची: "गप्प."

बसला ही गर्दी. बाबा पुढच्या दाराने चढले, डावा हात दांडीला. मी त्यांच्या मागे. कंडक्टर घाईत, "बोला काका, कुठे?"

"मो..." आणि थांबले.

माझ्या मागे एक बाई "अहो, सरका की पुढे," म्हणून ढोसत होत्या. कंडक्टरने तिकिटांवर नख वाजवलं. ओठ हलतायत, शब्द येत नाही. मला तो शब्द माहीत होता. अख्ख्या बसला माहीत होता, त्या रस्त्याला दुसरं आहे काय? कंडक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, बरोबर आहात ना? तुम्ही सांगा."

मी खिडकीबाहेर बघितलं. जीभ दातांखाली धरली होती, खरोखरीची. बाहेर एक माणूस सायकलचं चाक काढत होता, त्याचे सगळे नट मी मोजले असतील.

"मोठा दवाखाना!" बाबा म्हणाले. म्हणाले कसले, पुकारा केला. मागच्या सीटवर झोपलेला माणूस दचकून उठला. "एक तिकीट द्या!"

कंडक्टरने मुकाट्याने तिकीट दिलं. बाबांनी सुटे पैसे मोजून दिले आणि खिडकीजवळच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसले. मागे वळूनही बघितलं नाही.

"आणि तुम्ही, ताई?" कंडक्टर म्हणाला. "त्यांनी एकच सांगितलं."

मी पर्स उघडली आणि माझं तिकीट काढलं.